खर्जातला गंधार

परवा रात्री नातीला रागावले आणि रागावून मीच अडकले.

ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, इथेच सांगलीत, म्हणून माझ्याकडे राहते. रात्री साडेदहाला पाणी प्यायला उठले तर ही कानात ती बोंडं घालून बसलेली, समोर गणिताची वही, आणि मान तालात हलतेय. छत्तीस वर्षांची शिक्षकी सवय, ती काही सुटत नाही. म्हटलं, "अभ्यास करताना गाणं कसलं ऐकतेस?" तिने एका कानातलं बोंड काढलं आणि शांतपणे विचारलं, "आजी, तू गाणं कुठे शिकलीस?"

आता खोटं कसं बोलणार? म्हटलं, "रेडिओवर."

"अभ्यास करताना?"

मी पाणी प्यायले आणि मुकाट्याने झोपायला गेले. झोप कसली येतेय! एकेक आठवत गेलं. माझं, आणि माझ्याही आधीचं. सांगली आणि मिरज या दोन गावांमध्ये जेमतेम दहा किलोमीटरचं अंतर, पण गाणं कसं शिकायचं, कोणाकडून शिकायचं आणि यंत्राकडून शिकता येतं का, यावर इथे दीडशे वर्षं खल चाललेला आहे. तोच आज लिहून काढते.

आधी माझं सांगते. आकाशवाणीचं सांगली केंद्र १९६३ साली सुरू झालं. मी तेव्हा तेरा वर्षांची. त्याआधी पुणं, मुंबई आणि सिलोन लागायचं, पण आपल्या गावाचं नाव रेडिओतून ऐकायचं म्हणजे काय, ते आजच्या मुलांना सांगूनही कळणार नाही. आमच्याकडे फळीवर ठेवलेला मोठा रेडिओ होता, वर आईने विणलेला रुमाल. चालू केला की आतले दिवे तापेपर्यंत थांबावं लागे, मग हळूहळू आवाज वर यायचा, विहिरीतून पोहरा यावा तसा. त्याचा परवाना असायचा आणि त्याचे पैसे वडील दरवर्षी पोस्टात जाऊन भरायचे.

दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, गाण्याच्या शिकवणीला घातलेलं होतं. मला नाही. यात कोणी दुष्ट नव्हतं. एकाचीच फी परवडत होती, आणि मुलीने गाऊन पुढे काय करायचं, हा प्रश्न आमच्या घरात कोणी विचारलासुद्धा नाही, कारण त्याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. दादा संध्याकाळी पेटी घेऊन बसायचा आणि मी पलीकडच्या खोलीत वाती वळत ऐकायची. तो सोडून जायचा ते पलटे मी न्हाणीघरात म्हणायची. शनिवारी रात्री रेडिओवर संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लागायचा. तो १९५२ मध्ये सुरू झाला, डॉ. बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री असताना. याच केसकरांनी रेडिओवरून सिनेमाची गाणी हद्दपार केली म्हणून लोकांनी त्यांना पुष्कळ नावं ठेवली, ती बरीचशी योग्यच होती. पण माझ्यासारखीला त्या शनिवारच्या दीड तासाने जे दिलं, ते घरातल्या कोणी देऊ केलं नव्हतं. समोर भूगोलाचं पुस्तक, कान रेडिओला. म्हणजे नातीचा नेम अचूक लागला होता!

आता मागे जाऊ.

ज्यांच्यामुळे मिरजेचं नाव गाण्यात झालं त्यातले एक मोठे म्हणजे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. १८४९ चा जन्म. त्या काळी ख्याल शिकायचा तर उत्तरेत जावं लागे. बुवा ग्वाल्हेरच्या परंपरेतल्या वासुदेवबुवा जोशींकडे शिकले. अर्ज, फी, वेळापत्रक असलं काही नव्हतंच. गुरूच्या घरी राहायचं, पडेल ते काम करायचं, आणि गुरूची मर्जी लागेल तेव्हा जे कानावर पडेल ते धरून ठेवायचं. एवढे हाल सोसून त्यांनी ग्वाल्हेरची गायकी आपल्या मुलखात आणली. त्या शिक्षणात एक गोष्ट मात्र होती. शिष्याच्या गळ्यातून चुकीचा स्वर निघाला की तो ऐकायला गुरू समोर हजर असे.

बुवा मिरजेत असताना त्यांच्याकडे एक मुलगा शिकायला आला, कुरुंदवाडचा विष्णू दिगंबर पलुसकर. जन्म १८७२. वडील कीर्तनकार. मुलगा इंग्रजी शाळेत जाणारा, पण लहानपणी दारूकामाचा फटाका तोंडाजवळ उडाला आणि डोळे अधू झाले. पुस्तक वाचवेना, शाळा सुटली. उपचारासाठी मिरजेला आणलं, आणि डोळ्यांनी नाही तर कानांनी शिकेल म्हणून गाण्याला लावलं. मिरजेच्या राजेसाहेबांनी सोय केली. माझ्या वर्गात डोळ्यांनी अधू एक मुलगी होती, तिला पहिल्या बाकावर बसवताना मला दरवेळी हा कुरुंदवाडचा मुलगा आठवायचा. शाळेने ज्याला सोडून दिलं, त्यानेच पुढे गाण्याची शाळा काढली.

ते कसं झालं, त्याची एक गोष्ट आमच्याकडे सांगतात. एका समारंभाचं आमंत्रण विष्णूला आलं, कारण तो राजेसाहेबांच्या मर्जीतला. गुरूंना मात्र आलं नाही, कारण ते "गवई". ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली म्हणतात. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली, उत्तरेत फिरले, आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. राजाच्या पदरी न राहता, लोकांच्या वर्गणीवर, मैफलींच्या पैशांवर आणि विद्यार्थ्यांच्या फीवर. १९०८ मध्ये मुंबईत शाळा काढली. वर्ग, इयत्ता, अभ्यासक्रम, परीक्षा, सगळं रीतसर. स्वर कागदावर लिहायची पद्धत बसवली, छापखाना घातला, पुस्तकं छापली. तिकडे भातखंडेही आपल्या परीने चिजा गोळा करून लिहून काढत होतेच.

आज आपल्याला यात विशेष काही वाटत नाही. पण विचार करा, घराण्याची चीज म्हणजे तिजोरीतला दागिना. ती काही आण्यांच्या पुस्तकात छापायची! जुन्या लोकांचा आक्षेप असा, की कागदावरून गाणं येत नाही. तो खोटा नव्हता. कागदावर "ग" लिहिला म्हणजे तो कोणता गंधार, किती चढा, किती उतरलेला, ते कागद सांगत नाही. पण त्याच कागदामुळे गाणं पांढरपेशा घरांमध्ये शिरलं, बायकामुलींपर्यंत आलं, हेही तितकंच खरं. गुरूच्या घरी राहून पाणी भरायची मुभा मुलींना नव्हतीच. पुस्तक तरी घरात येऊ शकत होतं.

त्यांच्या शिष्यांत मिरजेचीच दोन मुलं होती. विनायकराव पटवर्धन, जन्म १८९८, यांनी १९३२ मध्ये पुण्याला गांधर्व महाविद्यालय काढलं. आणि बी. आर. देवधर, जन्म १९०१, हे गाण्याबरोबर कॉलेजही करून बी.ए. झाले. गवयाने बी.ए. व्हावं ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. पुढे कुमार गंधर्वांना घडवलं ते यांनीच. पलुसकर स्वतः १९३१ मध्ये मिरजेतच वारले. जिथून मान राखायला बाहेर पडले तिथेच शेवटी आले. आज देशभर मुलं ज्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा परीक्षा देतात, त्या त्यांच्या शिष्यांनी उभ्या केलेल्या मंडळाच्या, आणि त्या मंडळाचं कार्यालयही मिरजेतच.

हे झालं छापील कागदाचं. आता पेटीचं.

हार्मोनियम आपली नव्हे, ती युरोपातून आली. उचलायला सोपी, सुरात लावायची कटकट नाही, म्हणून नाटकवाल्यांनी, भजनवाल्यांनी, शिकवण्यांनी ती डोक्यावर घेतली. पण तिच्यात एक मेख आहे. तिचे सप्तकातले बारा स्वर सारख्या अंतरावर ठोकून बसवलेले असतात. माणसाचा गळा मात्र तानपुऱ्याशी जुळवून गंधार लावतो, तेव्हा तो पेटीच्या गंधारापेक्षा जरासा खाली लागतो. पेटीच्या दोन शेजारच्या स्वरांमधलं अंतर शंभर भाग धरलं, तर हा फरक चौदा भागांचा. एक सप्तमांश म्हणा ना. ऐकणाऱ्याला पहिल्यांदा कळतही नाही. पण एकदा कळला की पेटीचा गंधार कानाला खुपायला लागतो.

हा फरक मोजायचा ध्यास घेतला आमच्या सांगलीच्या एका गृहस्थांनी. कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. माणसं निवृत्त झाल्यावर बाग करतात, तीर्थयात्रा करतात. हे तारा ताणून, त्यांची लांबी मोजून, जुन्या ग्रंथांमधल्या बावीस श्रुतींची गणितं मांडत बसले! मोजायला गळाही तसाच हवा. तो मिळाला अब्दुल करीम खाँसाहेबांचा. खाँसाहेब उत्तरेतल्या किराना गावचे. पलुसकरांच्याच वर्षी, १८७२ मध्ये जन्मलेले, आणि मिरजेत येऊन मिरजेचे झालेले. देवलांचं इंग्रजी पुस्तक १९१० मध्ये आलं. ई. क्लेमंट्स नावाचे आय.सी.एस. अधिकारी त्यांना येऊन मिळाले, आणि दोघांनी बावीस श्रुतींची खास पेटी करवून घेतली. म्हणजे यंत्राने केलेली चूक यंत्रातच दुरुस्त करायची. १९१६ साली बडोद्याला भातखंड्यांच्या पुढाकाराने संगीत परिषद भरली, तिथे ही पेटी मांडली गेली आणि तिच्यावरून मोठे वाद झाले. ती काही घराघरांत पोचली नाही. साधी पेटी मात्र राहिली. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीला बंदी घातली, ती पुढे कितीतरी वर्षं चालली. त्यामुळे माझ्या लहानपणी गंमत अशी, की रेडिओवर गवयाच्या साथीला सारंगी असायची, आणि पलीकडच्या खोलीत दादा पेटीवर शिकत असायचा. मला दोन्हींतला फरक जाणवायचा, पण काय जाणवतंय ते सांगणारं कोणी नव्हतं.

तिसरं यंत्र ग्रामोफोन. एका बाजूला तीन मिनिटं. ज्या गवयाला राग उलगडायला तास लागतो त्याने तीन मिनिटांत काय करायचं? अनेकांनी नाक मुरडलं. खाँसाहेबांनी तबकड्या भरल्या. त्यांच्या झिंझोटीतल्या ठुमरीची तबकडी लांब कर्नाटकात एका मुलाच्या कानावर पडली आणि तो वेडा झाला. असं गाता आलं पाहिजे म्हणून १९३३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, घर सोडून पळाला. तो गदगचा भीमसेन जोशी. नातीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बघ! रेकॉर्डने केलं की नाही?" केलं, खरंच केलं. पण तो मुलगा पळाला कशासाठी, तेही बघायला हवं. तबकडी शंभर वेळा लावून तो घरी बसला नाही. शिकवणारा माणूस शोधायला निघाला, गावोगाव हिंडला, आणि शेवटी कुंदगोळला खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे येऊन थांबला. तहान यंत्राने लावली, पाणी माणसाकडे होतं. खाँसाहेब १९३७ मध्ये मद्रास इलाख्यात प्रवासात असताना वारले. त्यांना मिरजेत आणून मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन केलं. उरुसात तिथे अजून गवई हजेरी लावतात.

आता मी जे कधीच कोणाला सांगितलं नाही ते सांगते.

१९६६ मध्ये दादाला तानपुरा घ्यायचं ठरलं. मिरजेला सतारमेकरांच्या गल्लीत वडील, दादा आणि हट्ट करून बरोबर गेलेली मी. ही वाद्यं करणारी मंडळी मूळची शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारी. राज्यं गेली, तलवारी गेल्या, तेव्हा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं करायला घेतली, मिरजेच्या पटवर्धन सरकारांनी आश्रय दिला, आणि तलवारीचा हात सतारीवर बसला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पेपरात वाचलं असेल. दुकानात छताला भोपळे टांगलेले, जमिनीवर लाकडाचा भुसा. मालक वयस्कर होते. त्यांनी तानपुरा लावला. पंचम, दोन जोडाच्या तारा, मग खर्ज. मग घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवत सरकवत जवारी काढली. एकदम आवाज उघडला, पितळी भांडं घासून लख्ख व्हावं तसा. ते म्हणाले, "खर्जाच्या तारेत गंधार बोलतोय. ऐकू येतो?"

तानपुऱ्यात गंधाराची तारच नसते. पण खर्जाची तार वाजली की तिच्या पोटात बारीक बारीक स्वर उठतात, त्यातला पाचवा हा गंधार, दोन सप्तकं वरचा. कोणी न वाजवता वाजणारा. देवलांनी गणितात पकडला तो हाच, आणि पेटीत जो बसत नाही तोही हाच. हे सगळं मला खूप पुढे कळलं. त्या दिवशी मला फक्त घूंऽऽ असा आवाज येत होता.

दादा म्हणाला, "हो, येतो." वडिलांनीही मान हलवली. मग मालकांनी माझ्याकडे पाहिलं. आजवर गाण्याबद्दल मला कोणी पहिल्यांदाच काही विचारत होतं. मी म्हटलं, "हो."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि तानपुरा गवसणीत घातला. पुढे पुष्कळदा वाटलं, त्यांना कळलं असणार. पण गिऱ्हाइकाच्या मुलीला कोण कशाला खोडून काढेल!

पुढे मी बी.ए. झाले विलिंग्डनमधून, १९१९ सालचं कॉलेज, सांगली आणि मिरजेच्या मधोमध, त्यामुळे दोन्हीकडची मुलं. बी.एड. केलं, शाळेत लागले. मराठी आणि इतिहास. आणि पहिल्याच वर्षी मला तो "हो" रोज ऐकू यायला लागला. साठ मुलांच्या वर्गात धडा संपवून विचारायचं, "समजलं का?" साठ गळ्यांतून एकच, "होऽऽ!" त्यातले किती खरे? मला ओळखू यायचे, कारण मी स्वतः तसला "हो" म्हणून आलेली होते. खोट्या होकारात मूल जरा लवकर बोलतं. डोळे आपल्याकडे असतात, पण आपल्यावर नसतात. मग मी एखाद्याला उठवून म्हणायची, "बाळ, तुला काय समजलं तेवढं तुझ्या शब्दांत सांग." सांगता आलं नाही तरी रागवायचं नाही असं ठरवलं होतं. नेहमी पाळता आलं असं मात्र म्हणणार नाही. अभ्यासक्रम संपवायचा असायचा, तपासणी असायची, आणि मग साठ होकार मीही मुकाट घेऊन पुढच्या धड्याला जायची.

मला गंधार ऐकू आला तो वयाच्या अडतिसाव्या वर्षी. दादा नोकरीनिमित्त लांब गेला, गाणं सुटलं, तानपुरा माझ्याकडे आला. शाळेत संगीताचे एक सर होते. स्नेहसंमेलनासाठी मी तानपुरा शाळेत नेला, त्यांनी लावला, आणि हुबेहूब तेच विचारलं, "बाई, गंधार ऐकू येतो?" बावीस वर्षांनी. मी सवयीने म्हटलं, "हो." सर हसले. म्हणाले, "बाई, तुम्ही मुलांना असं उत्तर चालू देत नाही म्हणतात."

वर्गात पकडलेल्या मुलीसारखी मी उभी! म्हटलं, "नाही येत. कधीच आला नाही."

ते म्हणाले, "हरकत नाही. आधी तुम्ही गंधार म्हणा. हळू. आता थांबा. तोच स्वर मनात धरून खर्जाच्या तारेकडे कान द्या." दोनतीनदा काही नाही. चौथ्यांदा घूंऽऽ च्या वर, एकदम उंचावर, बारीक, स्वच्छ, कोणी लांबून हाक मारावी तसा गंधार. एकदा ऐकल्यावर तो न ऐकणंच शक्य होईना. तेवढी वर्षं तो तिथेच होता. मी डोळ्यांतून पाणी काढलं, आणि सर भलतीकडे बघत खुंट्या नीट करत बसले. असो.

तर आता नातीकडे येऊ. पलुसकरांचा कागद, देवलांची पेटी, खाँसाहेबांची तबकडी, माझा रेडिओ, या सगळ्यांच्या जागी तिच्याकडे तो एक फोन. १९७९ मध्ये बंगळुरूला इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार झाला तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती, आता तर तानपुरा खिशातच असतो. ती अभ्यासही फोनवरच करते. मी विचारलं, वर्गात शिकवतात ते पुरत नाही का? म्हणाली, "आजी, सर एकदाच सांगतात. परत विचारायची लाज वाटते. हा कितीही वेळा सांगतो, तोंड वाकडं करत नाही." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या वर्गातली ती शेवटच्या बाकावरची मुलं, त्यांना मीही एकदाच सांगितलं. त्यांच्याकडे असं काही असतं तर किती बरं झालं असतं!

पण २०२० मध्ये करोनात हीच नात मी घरात बसून शाळा शिकताना पाहिली आहे. तिकडून बाई विचारायच्या, समजलं का, आणि पडद्यावर भराभरा "येस मॅम, येस मॅम" उमटायचं. चेहरे बंद. ही सुद्धा लिहायची आणि पुन्हा चित्र काढायला लागायची. तो होकार खरा की खोटा हे ओळखायला त्या बिचाऱ्या बाईंकडे काहीच नव्हतं. ना डोळे, ना आवाज.

काल संध्याकाळी मी तिला म्हटलं, "तुझ्या त्या फोनात तानपुरा आहे ना, लाव." दादाचा तानपुरा माळ्यावर आहे. २०१९ च्या महापुरात खालच्या घरात पाणी शिरलं तेव्हा कपड्यांच्या आधी तो वर नेला होता, पण तारा गंजल्यात. तिने फोन लावला. मी विचारलं, "खर्जात गंधार ऐकू येतो का?"

तिने पाचसहा वेळा ऐकलं. मग म्हणाली, "नाही आजी. काहीच नाही येत. असतो तरी का?"

किती सहज म्हणाली! जे "नाही" म्हणायला मला बावीस वर्षं लागली, ते हिने दोन मिनिटांत म्हटलं. मग मी सरांनी केलं तेच केलं. माझा आवाज आता थरथरतो, पण गंधार लागतो अजून. तिला म्हणायला लावला, थांबवलं, आणि म्हटलं, "आता ऐक." फोनच्या इवल्याशा कर्ण्यातून काही कळेना, तेव्हा तिने ती बोंडं कानात घातली. तिसऱ्यांदा तिचे डोळे मोठे झाले. काही बोलली नाही, नुसतं वर बोट केलं, छताकडे, जणू तिथून येतोय.

म्हणजे फोनमध्येही गंधार होता. अस्सल तानपुऱ्यावरूनच भरून घेतलेला तो आवाज, त्यात असणारच. मला उगाच वाटत होतं की यंत्रात तो नसेल. कागदात, तबकडीत, रेडिओत, फोनात, पुष्कळ काही असतं, आणि ज्यांना कोणी दारात उभं केलं नाही अशा माझ्यासारख्यांना ते फार मोठं देणं असतं. त्या शनिवारच्या कार्यक्रमाचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. फक्त "ऐकू येतो का?" असं विचारून उत्तर येईपर्यंत तोंडाकडे बघत थांबणारं कोणीतरी लागतं, आणि मला त्यासाठी अडतीस वर्षं वाट बघावी लागली. नातीला एकोणीस. तिच्या मुलांना आणखी लवकर मिळो.

कानातल्या बोंडांवरून मी आता बोलणार नाही, असं तिला कबूल केलं आहे. बदल्यात गणित समजलं की नाही ते तिने रोज रात्री मला तिच्या शब्दांत सांगायचं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण खोटा "हो" मला अजून ओळखता येतो.

आणि रविवारी दोघी मिरजेला जाणार आहोत. तारा बदलायच्या आहेत, जवारी काढून घ्यायची आहे. रिक्षात तानपुरा मावतो का, ते मात्र विचारून ठेवायला हवं.